लासूरला लागलेलं जहाज

मनमाड मागे पडलं, गाडी मराठवाड्यात शिरली, तसा माझा संशय बळावत गेला. खिडकीबाहेर कपाशी, तूर, मध्येच प्लास्टिक अंथरलेलं एखादं शेततळं. पाणी म्हणून दिसलं ते एवढंच. अशा कोरड्या मुलखातला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी विनाशिकेवर (शत्रूच्या टॉर्पेडो बोटींचा पाठलाग करून त्या बुडवायला बांधलेली चपळ युद्धनौका) कामाला होता, असा त्याच्या नातीचा दावा होता. तो खरा की खोटा ते ठरवायला मी छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. ठरवायला म्हणजे, खरं सांगते, खोडून काढायला.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचा तिरकसपणा तुम्हाला झेपेल. माझी नोकरी गोदीतली, जहाजांचे नकाशे काढण्याची. निवृत्तीनंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या विनाशिकांचे नकाशे हौसेनं काढत बसते. संशय घ्यायला मला या जहाजांनीच शिकवलं. त्यांच्या बांधणीत वेगापुढे बाकी सगळं गौण. पत्रा इतका पातळ की लाटांच्या माऱ्यानं वाकायचा. खलाशांना कोरडं झोपायला जागा नाही, स्वयंपाक्याचं भांडं चुलीवर टिकत नाही. आणि एवढं करून जो वेग मिरवायचे तो चाचणीतला. चाचणीच्या दिवशी जहाज हलकं ठेवायचं, कोळसा निवडून घ्यायचा, भट्टीपाशी सगळ्यात तरबेज माणसं उभी करायची. पुढे भर समुद्रात, सामानानं लादलेल्या जहाजाला तो वेग गाठता यायचा नाही. त्यामुळे कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की मी मनात विचारते, हा चाचणीतला वेग की रोजचा?

एका दिवाळी अंकात या जहाजांवर माझा लेख आला होता. तो वाचून सुलभाताईंचा फोन आला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, राहायला संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात, मूळच्या लासूर स्टेशनच्या. लासूरला नवं वाचनालय बांधून होत आलं होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर गावातून लढायांवर गेलेल्या माणसांची नावं कोरायची होती. ताईंना आजोबांचं, गेणूबाबांचं नाव तिथं हवं होतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले होते, पुरावा आणा. "पुरावा आहे आमच्याकडं, जहाजावरची घंटा," ताई म्हणाल्या, "पण तो आधी तुम्ही बघा. खोटा असंल तर तसं तोंडावर सांगा." भिंतीत बसवायच्या शिळेवर एका नावापुरती जागा कोरी होती. पाथरवट ती याच आठवड्यात भरणार होता, गेणूबाबांच्या नावानं किंवा वेलबुट्टीनं.

गाडीत समोरच्या बाकावर लासूरचे एक कांद्याचे व्यापारी होते. कुणाकडं चाललात, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं.

"म्हंजी जहाजवाले!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आवो, आमच्याकडं कुणी थापा मारायला लागलं ना, की आम्ही इचारतो, काय रे, लासूरला जहाज लागलं का? त्येंच्या म्हाताऱ्यापासूनच निघालीय ती म्हण."

"म्हातारा सांगायचा तरी काय?"

"सांगायचा, त्याची बोट पळायला लागली की पान्यात तोंड खुपसायची आन् पाठीवरनं पानी काढून टाकायची. बोट व्हती का म्हैस?"

आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही, कारण म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. पहिल्या विनाशिकांचा नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) भाग कासवाच्या पाठीसारखा गोल ठेवायचे, लाट आली की वाहून जावी म्हणून. प्रत्यक्षात तो भाग लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसायचा आणि मागचे सगळे नखशिखांत भिजायचे. पुढे नाळ उंच केली तेव्हा कुठे हे थांबलं. पण एवढं तर मुंबईच्या गोदीच्या फाटकाशी कान उघडे ठेवून बसणाऱ्या कुणालाही कळलं असतं. लासूर आलं, व्यापारी उतरले आणि खाली उभं राहून माझ्याकडे बोट दाखवत कुणाला तरी काहीतरी सांगू लागले. काय सांगत असतील ते मला न ऐकताही कळलं.

संभाजीनगर स्टेशनवर सुलभाताईंच्या भावाचा मुलगा मिलिंद घ्यायला आला होता. तिशी ओलांडलेला, वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, बोलण्यात अदब. वाटेत त्यानं माझी बॅग तीनदा सावरली आणि मला घंटेबद्दल एकदाही विचारलं नाही. ज्याच्या घरी पुरावा आहे तो माणूस पुराव्याबद्दल गप्प कसा, ही गाठ मी मनाशी मारून ठेवली.

पुंडलिकनगरातलं घर छोटं, नीटनेटकं. बाहेर जाळीचं दार, मग चपला काढण्यापुरती जागा, मग लाकडी दार. मिलिंदनं मला त्या जागेत घेतलं, मागचं जाळीचं दार लावून घेतलं आणि तो तसाच उभा राहिला.

आतून बाईचा आवाज आला, "बंद?"

"बंद," मिलिंद म्हणाला. मग त्यानं आवंढा गिळला आणि लाकडी दार ढकललं.

माणूस आवंढा कधी गिळतो? घाबरला की, नाहीतर खोटं बोलायच्या आधी. आत काहीतरी सारवासारव चालली असणार आणि ती होईपर्यंत मला दारात थोपवून धरलं असणार, याबद्दल माझी खात्री झाली. आत गेले तर सुलभाताई हसतमुख, कोपऱ्यात बुद्धाची शांत मूर्ती, टेबलावर पाणी. त्यांना माझी नजर कळली असावी.

"ते दाराचं मनावर घेऊ नका, मॅडम," त्या ओशाळून म्हणाल्या. "आमच्या घराण्याची जुनी खोड आहे. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मी जन्मभर शाळेत अंधश्रद्धेविरुद्ध बोलले आणि घरातली ही एक मला काढता आली नाही. गावात तर लोक हसतात."

मी "असं का" म्हटलं. विश्वास ठेवला नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती (येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ). आमटी अशी की ताट चाटून घ्यावं. मी दोनदा मागून घेतली, पण खाल्ल्या मिठाला जागायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. हात धुतल्यावर म्हटलं, "आता घंटा."

ताईंनी ती कापडातून काढली. पितळेची, हातात मावेल एवढी, जुनाट. तिच्यावर इंग्रजीत गेणूबाबांच्या जहाजाचं म्हणून एक नाव, आणि खाली मोठ्या अक्षरात डिस्ट्रॉयर. मी ती उलटीपालटी केली आणि मला हसूच फुटलं. जहाजाच्या घंटेवर जहाजाचं नाव असतं. प्रकार कुणी लिहीत नाही. आपण दारावरच्या पाटीवर आडनाव लिहितो, 'घर' लिहितो का? शिवाय घंटा झिजलेली आणि अक्षरांच्या कडा नव्या नाण्यासारख्या.

"कुठून आणली?"

"खुलताबादहून," मिलिंद म्हणाला. "जुन्या सामानाच्या दुकानातून. तिथला मानूस म्हनला, मुंबईच्या भंगारातनं आलेली हाय." सुलभाताई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं तो लबाडी पकडली गेल्याचा भाव नव्हता, भीती होती. पण भीतीचंही सोंग घेता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंना सांगितलं की खुलताबादला एकटीच जाते, तुम्ही दुपारी तिथून मला घ्या आणि मग आपण लासूरला जाऊ. बरोबर घरचं कुणी असलं तर दुकानदार खरं बोलणार नाही, हा माझा हिशोब. एवढी हुशारी करून बसमध्ये बसले आणि खिडकीशी मला डुलकी लागली. जागी झाले तर कंडक्टर म्हणत होता, "वेरूळ, उतरा." परतीच्या जीपमध्ये दोन शेळ्यांच्या शेजारी बसून घाट चढले. वेरूळला जाऊन लेणी न बघता परत फिरलेली माझ्यासारखी दुसरी कुणी नसेल.

खुलताबाद डोंगरावर, तटाच्या आत. दर्ग्यांकडे जाणाऱ्या वाटेवर फुलं, चादरी, रेवड्यांची दुकानं, आणि त्यातच एक जुन्या सामानाचं. दुकानदार पिकल्या दाढीचे, चष्म्याला दोरा बांधलेले. मी मोबाइलमधला घंटेचा फोटो पुढे केला.

"हौ, मेरीच है," ते लगेच म्हणाले. मग फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली. "लेकिन ये लिखाई मेरी नै, अम्मा. मेरे पास कोरी थी. किसी इस्कूल की होंगी. मैं झूठ कायकू बोलूं?"

"घेणाऱ्यानं काही विचारलं होतं?"

"पूछा ना, जहाज की लगती क्या? मैं बोला, तुमकू लगती तो लगती."

मला मनातून आनंद झाला, हे कबूल करते. एखादा दावा कोसळतो तेव्हा मला होतोच. दुकानदारांनी दिलेल्या रेवड्या चघळत मी तटाच्या दरवाज्यापाशी उभी राहिले आणि मिलिंदची गाडी येताना दिसली तेव्हा मनात वाक्यं जुळवून तयार होती.

गाडीत बसल्या बसल्या मी ती बोलले. घंटा कोरी घेतली होती, अक्षरं नंतर कोरून घेतली आहेत. मिलिंदनं गाडी हळू केली, बाजूला घेतली, थांबवली. बाहेर सीताफळाची झाडं होती आणि कुणीतरी बैल पाण्यावर नेत होतं.

"व्हय," तो समोर बघत म्हणाला. "मीच कोरून घेतलं."

सुलभाताईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा रंग उतरला तो मी बघितला, आणि असं सोंग कुणाला घेता येत नाही. "मिलिंद," त्या एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अरे, आपल्या म्हाताऱ्याला गाव खोटारडा म्हणत होतं. आता खरंच म्हणायला जागा करून दिलीस तू."

"आन् आत्याआजीनं किती वाट बघायची, आत्या? ती आता जेवतबी नाय धड. तिच्या डोळ्यांदेखत नाव लागावं म्हून केलं मी. जहाजावरचा मानूस पुरावा घेऊन हिंडतो का घरी?"

चूक होती, पण शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. विनाशिकांवर अधिकाऱ्यांचीच हलाखी, तिथं भट्टीतल्या माणसाला कोण आठवण म्हणून काही देणार? उष्ण समुद्रात गोरे खलाशी भट्टीपुढे कोलमडायचे, म्हणून बंदरातली काळी माणसं आगवाले (भट्टीत कोळसा घालणारे) म्हणून घ्यायचे. त्यांची नावं कुणी धड लिहीत नव्हतं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पटणं यात अंतर असतं, आणि खोट्या घंटेनं ते वाढवून ठेवलं होतं.

"परत फिरू," सुलभाताई म्हणाल्या. "अध्यक्षांना फोन करून सांगते, वेलबुट्टी काढा."

"आत्याआजीनं सैपाक केलाय," मिलिंद म्हणाला. "तिला काय सांगायचं?"

आणि त्यानं गाडी लासूरच्याच रस्त्याला लावली. आनंद केव्हाच ओसरला होता, तोंडात फक्त रेवड्यांचा गोडवा राहिला होता आणि तो नकोसा झाला होता.

लासूर स्टेशन म्हणजे रूळ, मोंढा (शेतमालाचा बाजार) आणि त्यांच्यामध्ये पसरलेलं गाव. मोंढ्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गेणूबाबांची मुलगी सोनाबाई, म्हणजे सुलभाताईंची आत्या, रुळांपलीकडच्या वस्तीत राहते. नव्वदीच्या घरातली, कंबरेत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. घर सिमेंटचं, चांगलं रंगवलेलं. मिलिंद गाडी सावलीला लावत होता, ताई नळावर पाय धूत होत्या. स्वयंपाकघरातून चुलीवरच्या भाकरीचा वास आला आणि मी हात धुवायच्या निमित्तानं एकटीच तिकडे निघाले. खरं कारण हे, की दोघं तिला काही पढवायच्या आधी मला तिला गाठायचं होतं.

इथंही दोन दारं. बाहेरचं ढकललं तर आत रांजण ठेवलेली अंधारी चिंचोळी जागा आणि समोर दुसरं दार. मी ते उघडायला हात घातला.

"बंद कर आधी!" आतून अशी आरोळी आली की मी दचकून मागे सरले. "मागचं दार बंद कर! कोन हाय?"

मी बाहेरचं दार लावलं. "पाहुणी आहे. मुंबईची."

"बंद?"

"बंद."

"आवंढा गिळ. मंग उघड."

मी हात दारावर ठेवून तशीच उभी राहिले. ही जागा मी ओळखत होते. आजवर कितीतरी वेळा मी ती कागदावर काढली होती.

आता हे नीट सांगायला हवं. त्या काळच्या कोळशावर चालणाऱ्या विनाशिकेत भट्टीघर चहूबाजूंनी बंद असायचं. आग जोरात पेटावी म्हणून मोठे पंखे लावून बाहेरची हवा आत कोंबायचे. कोंबलेल्या हवेला भट्टीतून धुराड्याकडे जाण्यावाचून वाट नाही, म्हणून आग भडकायची आणि जहाज पळायचं. पण माणसं आत-बाहेर जाणार कशी? त्यासाठी दोन दारं आणि मध्ये एका माणसापुरता कप्पा. बाहेरचं लावायचं, मगच आतलं उघडायचं. दोन्ही एकदम उघडली तर कोंबलेली हवा भसकन निघून जायची आणि भट्टीतली आग उलटून कोळसा घालणाऱ्यांच्या अंगावर यायची. आणि आत शिरताना, दाबाच्या हवेत, कानात दडे बसतात. ते सुटायला माणूस आवंढा गिळतो.

आत गेले. सोनाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. संशय एवढ्यानं मरत नाही, म्हणून मी मुद्दाम तिच्यापुढे चुकीचं ठेवलं. "आत्या, दोन्ही दारं उघडली तर धूर कोंडतो, म्हणून हे करता ना?"

"धुराचं काय घिऊन बसली?" तिनं भाकरी उलटली. "दोन्ही दारं उघडली की आग माघारी फिरती."

"म्हणजे वर, धुराड्यात?"

"नाय गं बाई. दारातनं भाईर. मानसाच्या अंगावर. बाबा म्हनायचा, आग समोरच्याला वळखती. एक डाव कुन्या गोऱ्यानं दोन्ही उघडली, तवा बाबाच्या जोडीचा मानूस जळून मेला. बाबाच्या भुवया गेल्या त्या पुन्ना आल्याच नाय. समदं गाव भुंड्या म्हनायचं त्याला."

"आणि आवंढा?"

"कानात दडे बसायचे म्हनं तिथं. इथं नाय बसत, पन बाबाला आवंढा गिळल्याबिगर आत येताच यायचं नाय. आमाला बी लावली ती सवय. नवीन घर बांधलं तवा गवंडी हासला, मी म्हनलं, हास बाबा, पन दारं दोन पायजेत."

मागे सुलभाताई येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना म्हटलं, की तुमची घंटा खोटी आहे आणि तुमची अंधश्रद्धा खरी आहे. जहाज धक्क्याला असताना पंखे बंद असतात, दोन्ही दारं सताड उघडी असतात, राख काढायची असते. गोदीतल्या कामगाराला त्या दारांची भीती वाटायचं कारणच नाही. ही भीती जहाज भर वेगात पळत असताना आत उभ्या असलेल्या माणसाच्याच मनात बसते. सुलभाताई खाली बसल्या आणि पदर तोंडावर धरून रडल्या. जी खोड मोडायला त्या जन्मभर झटल्या, तिच्यातच आजोबा शाबूत होते.

सोनाबाईला रडण्याचं कारण कळेना. "आता काय झालं? भाकर खा आधी," ती म्हणाली.

दुपार कलल्यावर वाचनालयात गेलो. अध्यक्षांना गावात आण्णा म्हणतात, पाटलांच्या घरातले, पंचाहत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर. पाथरवट शिळेपाशी बसून होता. मी आधी घंटा दाखवली आणि ती खोटी आहे हे सांगितलं. मिलिंदनं मान खाली घालून स्वतःची चूक कबूल केली. मग मी दारांचं सांगायला लागले. आण्णांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, आणि मला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी मीही तशीच बसले असते.

"दारावरून जहाज वळखता व्हय तुम्ही?" ते म्हणाले. "तोंडी सांगन्यावर दगड कोरायचा?"

"तोंडी नाही. सवय आहे ती. थाप मारणारा माणूस चारचौघांत मारतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुणी बघत नसताना, मरेपर्यंत आवंढा कशाला गिळेल?"

आण्णा हातातली काठी उगाच फिरवत राहिले. मग पाथरवटाला म्हणाले, "तू जरा चा पिऊन ये." तो गेल्यावर त्यांनी सुलभाताईंकडे बघितलं.

"तुझ्या आजानं मला कानफटात मारली होती," ते म्हणाले. "आठ-नऊ वर्साचा आसंन मी. लपाछपी खेळताना तुमच्या घरात घुसलो. भाईरचं दार उघडंच टाकलं आन् आतलं बी ओढलं. वारा सुटला व्हता. चुलीतली आग भडकली, जराशीच. म्हातारा कुठनं आला कळलं नाय. आधी माझ्या आन् चुलीच्या मधी हुबा ऱ्हायला. मंग मारली."

त्या काळात त्या वस्तीतल्या माणसानं पाटलाच्या पोरावर हात उचलणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"घरी सांगितलं नाय मी. सांगितलं असतं तर तुमचं घर ऱ्हायलं नसतं. पन म्हून नाय सांगितलं असं बी नाय, खोटं कशाला बोलू. त्या वस्तीत खेळायला गेलो म्हून मलाच आधी फोडला असता. म्हातारा मारून थरथरत व्हता. मला वाटलं, मला भितोय. म्हनलं, पाटलाच्या पोराला मारलं, आता भितोय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो आगीला भीत व्हता व्हय?"

"तुमच्यासाठी भीत होता," मी म्हटलं.

आण्णांनी डोळे मिटून घेतले. "आन् मी जन्मभर गावासंगं हासलो," ते म्हणाले. "लासूरला जहाज लागलं का म्हून."

शिळेवर काय कोरायचं यावर मी अडून बसले. मिलिंदला 'वीर' हवं होतं. मी म्हटलं, कोणत्या जहाजावर, कोणत्या लढाईत, मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते दगडावर नको. पळत्या विनाशिकेच्या भट्टीघरात ते उभे होते, एवढ्याचीच मी शपथ घेईन. सुलभाताई म्हणाल्या, "तेवढंच कोरा." पाथरवट चहा पिऊन आला तेव्हा आण्णांनी स्वतः खडूनं लिहून दिलं. गेणूबाबा, आगवाला, विनाशिका.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले. लासूर स्टेशन आलं तशी खिडकीतून वाचनालय दिसतं का ते बघत होते. दिसलं नाही. घरी येऊन जुने नकाशे काढले. भट्टीघर म्हणजे माझ्या कागदावर एक चौकोन, त्याच्या कडेला दोन दारांच्या दोन आखूड रेघा. इतकी वर्षं मी त्या पट्टी लावून ओढत आले आणि मध्ये माणूस मावेल एवढी जागा सोडत आले. तिथं कोण उभं राहत असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुसऱ्यांच्या दाव्यांवर एवढा संशय घेणारी मी, स्वतःच्या रिकाम्या नकाशांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवून होते. संशय माझा गेलेला नाही, जाणारही नाही. फक्त आता वाटतं, की संशय घेऊन माणसानं दारातच थांबू नये, आत जाऊन बसावं.

काही दिवसांनी सुलभाताईंचा फोन आला. शिळा बसली होती. सोनाबाईला खुर्चीत बसवून तिथं नेलं, तिला वाचता येत नाही, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि घरी येऊन भाकरी दोन खाल्ल्या. संध्याकाळी आण्णा सोनाबाईच्या घरी आले होते, चहाला. लहानपणी मार खाऊन पळाले त्यानंतर पहिल्यांदाच. सगळे त्यांना ओसरीवर बसा म्हणत होते, पण ते सरळ स्वयंपाकघराकडे गेले. दोन दारांच्या मधल्या अंधारात शिरले आणि मागचं दार त्यांनी आपल्या हातानं लावून घेतलं.

आतून सोनाबाई ओरडली, "बंद?"

"बंद, आत्या," आण्णा म्हणाले, आणि ती 'ये' म्हणेपर्यंत तिथंच उभे राहिले.